तडा

माझं काम फक्त कंदील धरायचं.
अकराव्या वर्षी हात थरथरत नाहीत, बाबा म्हणायचा,
आणि थरथरलेच तर थंडीवर ढकलता येतं.

अख्ख्या इमेरेतीत तो हिवाळा विजेविना गेला.
खांबांवरच्या तारा आमच्या आधीच कुणी नेल्या होत्या,
तांबं नेहमी आधी जातं.
मग गेले सिग्नलचे दांडे, फाटकाची साखळी,
स्टेशनातली घंटा (ती म्हणे जुंबेरनं घरीच ठेवून घेतली),
शेवटी उरले रूळ,
जड, निमूट,
कुणी विचारत नाही अशा पाहुण्यांसारखे.

एक मीटर रूळ म्हणजे पन्नास किलो.
जुंबेरच्या काट्यावर तो बेचाळीस भरायचा.
कुपॉन तो देत नसे, आम्ही मागतही नसू:
सकाळच्या कुपॉनात संध्याकाळी काडेपेटी यायची नाही.
मक्याचं पीठ द्यायचा, रॉकेल द्यायचा,
एकदा तुर्कस्तानची साखर, दमट,
तिला डिझेलचा वास.
पोतीच्या बंदरात जहाजं थांबलेली असतात, सांगायचा,
आपलं लोखंड पलीकडे वितळतं, त्याच्या खाटा होतात.
मला ते फार आवडायचं.
कुणीतरी झोपलं असेल आपल्या रुळांवर
आणि गाडी येत नसेल.

आजोबा अम्ब्रोसी चौतीस वर्षं त्या फाट्यावर चालले.
सोळाव्या किलोमीटरपासून सत्ताविसाव्यापर्यंत,
खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा,
थोड्या थोड्या अंतरावर एक ठोका, कान देऊन.
घरात त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.
पण पीठ कुठून येतं हे जो विचारत नाही
त्याला सगळं माहीत असतं.

त्या रात्री एकोणिसाव्याला बोल्ट हलेना.
बाबानं पान्याला पाइप लावला, लोंबकळला, शिव्या घातल्या.
काका बेसोनं घण घातला, दरी दणाणली,
मी कंदील शालीत लपवला.
आणि खडीवर पावलं वाजली,
स्लीपर मोजत येणारी, एकही न चुकवता.

पोलीस असता तर पळालो असतो.

हातोडा टेकवून ते उभे राहिले. धाप लागलेली.
बाबा म्हणाला, "पोरीला खायला..."
ते म्हणाले, "आधी घट्ट कर.
अर्धा आटा घट्ट कर, मगच सुटतो. कितीदा सांगितलंय."

सुटला.

मग त्यांनी ठोका दिला. रूळ वाजला, लांबवर वाजत गेला.
पुढचा वाजला.
तिसरा बद्द.
"हा न्या. याला तडा आहे.
सत्त्याऐंशीला लिहून दिलं होतं, तीन वेळा. कुणी आलं नाही."
"आम्ही आलो ना," काका म्हणाला,
आणि आजोबा हसले, खोकला येईपर्यंत.

सकाळी ट्रॅक्टरमागे ते जुंबेरच्या आवारात आले.
तुकडे कापून झाले, काट्यावर चढले,
बेचाळीसच्या हिशेबानं आकडा झाला.
आजोबा वाकले. काट्याच्या वजनांवर हातोडा टेकवला,
हलकेच, डॉक्टर पाठीवर टिचकी मारतो तसा.
बद्द.
"यात शिसं भरलंय," म्हणाले.
अंगणात कोंबड्या तेवढ्या बोलत होत्या.
त्या दिवशी दोन पोती जास्त आली,
आणि घंटासुद्धा मागावी का, यावर बाबा आणि काका घरापर्यंत भांडले.

पुढे मार्चपर्यंत आम्ही पुऱ्या वजनानं विकलं.
दर रात्री पहिला ठोका आजोबांचा.
तडा असला की साल सांगायचे, महिना सांगायचे,
कुठल्या साहेबानं कागद फाडला तेही.
नसला, रूळ खणखणीत वाजला,
तर काही बोलायचे नाहीत.
बाबा खाली बघून पाना लावायचा.
कंदील माझ्या हातात असायचा.
तेवढा वेळ मी तो त्यांच्या तोंडावरून
बाजूला धरायचे.